रेषेबाहेरची स्टेपनी

माझ्या नवऱ्याने, आमोदने, हौसेने दांडगी जीप घेतली. तिच्या मागच्या दारावरची स्टेपनी शेजारच्या सलिलरावांच्या पार्किंगमध्ये वीतभर घुसायची. त्यांनी सोसायटीत तक्रार केली. तेव्हापासून ते अवजड चाक आमच्या गॅलरीत आणि दोन घरांत अबोला.

आज ताम्हिणीला जायचं म्हणून साहेबांनी चाक परत चढवायला घेतलं, तेही दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून! "वॉचमनला बोलावू," म्हटलं, तर म्हणे, "माझी गाडी, मी बघतो." बघा!

चाक छातीपर्यंत आलं, पण त्याची भोकं दाराच्या बोल्टांवर बसेनात. मी अंदाजाने फिरवत होते. आमोदचे हात लटलटायला लागले. सुटलं असतं तर थेट माझ्या पायावर.

"सोडू नका," मागून आवाज आला. सलिलरावांनी खालून खांदा लावला आणि चाक वर रेटलं. बोल्ट शिरले. मी घाईघाईने नट आवळले.

आमोद धापा टाकत जमिनीवरच्या पिवळ्या रेषेकडे बघत राहिला. चाक वीतभर पलीकडेच होतं.

सलिलरावांनी हात झटकले.

"परत आलात की काढायला हाक मारा."