वकीलसाहेबांची कंबर

"न्यायाला उशीर म्हणजे न्यायाचा खून!" न्यायाधीश गरजले आणि अकरा वर्षांपूर्वीची फाइल शोधायला त्यांनी शिपायाला तिसऱ्यांदा पिटाळलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात शिंपीमास्तर निवांत उभे होते. कापडचोरीचा आळ आला, तेव्हापासून त्यांचं शिलाई मशीन कोर्टात जप्त होतं आणि ते मेव्हण्याच्या मशीनवर, त्याचे टोमणे ऐकत शिवत होते. आज मशीन घेऊनच येतो, असं ते बायकोला ठणकावून आले होते.

"एवढा काही उशीर झालेला नाही," सरकारी वकील म्हणाले. "आणखी एक तारीख द्यावी."

मास्तरांनी खिशातून मापाची वही काढली.

"साहेब, हे वकीलसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. खटला उभा राहिला तेव्हा यांची कंबर बत्तीस. साक्षीदार पहिल्यांदा आला नाही तेव्हा छत्तीस. सातव्यांदा आला नाही तेव्हा चाळीस. आज नुसत्या नजरेनं सांगतो, चव्वेचाळीस!"

न्यायाधीशांनी पुरावा आपादमस्तक न्याहाळला. खटला रद्द झाला, मशीन परत मिळालं.

मास्तर ते खांद्यावर घेऊन ऐटीत निघाले, तोच मागून वकीलसाहेब पोट आत ओढत आले.

"मास्तर, ही पँट तेवढी दोन इंच सैल कराल? संध्याकाळपर्यंत हवी होती."