सांध्याखालचा तळहात

पुतण्याचा कॉम्प्युटर इतका तापायचा, की टेबलावरचं मांजर घामाघूम व्हायचं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा. म्हणून पुतण्यानं तो थंड ठेवायला आत पाण्याच्या नळ्या बसवल्या. आधी दिवसभर नुसता पाणी फिरवणारा पंप चालवून नळ्यांचे सांधे तपासायचे असतात. यानं तासाभरातच कॉम्प्युटर सुरू केला. हार्ड डिस्कच्या बरोबर वरचा सांधा ठिबकू लागला.

"बंद कर, गाढवा!"

"काका, आत पाणी गेलंय. बंद केला तर परत सुरू होईलच असं नाही. गेलेल्या बाबांचा आवाज फक्त यातच आहे. कॉपी करतोय."

वाटी आत मावेना. मी सांध्याखाली तळहात धरला. कॉपी चाळीस टक्क्यांवर आली आणि माझ्या बोटांतून पाणी निसटलं. वहिनीनं पुढे होऊन माझ्या हाताखाली आपला तळहात धरला.