तळघराचा जिना

फोर्टुना या बायकांच्या फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं होत होती, म्हणून त्याच्या इतिहासाचं पुस्तक निघायचं होतं. ते लिहिणारी मारेन, क्लबची आताची गोलकीपर, त्या शनिवारी इर्मगार्डच्या स्वयंपाकघरात वही उघडून बसली होती. इर्मगार्डची जुनी मैत्रीण ट्राउडलही तिथेच होती. शनिवारी ती असायचीच.

"इर्मगार्डआजी, सत्तावन साली तुम्ही खेळणं का सोडलंत?"

"तळघराच्या जिन्यावरून पडले. कोळशाची बादली हातात होती," इर्मगार्ड म्हणाली आणि केकचा तुकडा पोरीच्या बशीत सरकवला. "खा गं, हाडं मोजता येतायत तुझी."

ट्राउडलने कॉफीचा कप न पिताच खाली ठेवला.

सत्तावन साली इर्मगार्ड आणि ट्राउडल दोघी एकवीस वर्षांच्या, एकाच शिवणकारखान्यात कामाला. बायकांना मैदान द्यायचं नाही, असा जर्मन फुटबॉल संघटनेचा फतवा होता. म्हणून खाणीच्या ढिगाऱ्यामागे, काळ्या चिखलात त्यांचा सराव चाले. इर्मगार्डच्या पायाशी चेंडू असा राही, जणू तिने पाळलाय. ट्राउडल तिच्या दुप्पट धावे, दुप्पट घाम गाळे, आणि तरी लोक नाव घेत ते इर्मगार्डचंच. त्या नोव्हेंबरात हॉलंडच्या बायकांशी सामना ठरला. पुढच्या फळीत एकच जागा रिकामी होती, आणि ती कुणाला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरावात इर्मगार्ड चेंडू घेऊन ट्राउडलच्या बाजूने निसटली, वर हसलीसुद्धा. ट्राउडल मागून धावली. चेंडू कुठे आहे ते तिला स्वच्छ दिसत होतं. तिने चेंडूवर पाय घातलाच नाही. सगळं अंग तिने इर्मगार्डच्या नडगीवर टाकलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"घसरली! चिखल बघा किती!" सगळ्यात आधी ट्राउडलच ओरडली.

डॉक्टरकडे न्यायचं कसं? फुटबॉल खेळताना पाय मोडला म्हटलं तर उद्या पेपरात येणार: बघा, आम्ही सांगत नव्हतो? क्लबच बंद पडायचा. तेव्हा जिन्याची युक्ती ट्राउडलनेच काढली. ते खरं वाटावं म्हणून इर्मगार्डला हातगाडीवर घालून घरी नेलं, तिचे कपडे बदलले, तळघरात नेऊन निजवलं आणि मग डॉक्टरला बोलावलं. तीन तास गेले. पाय जुळला, पण वाकडा. हॉलंडविरुद्ध ट्राउडल खेळली. एक गोलही केला. त्याचा फोटो क्लबात अजून लावलेला होता.

"म्हणजे निव्वळ नशीब," मारेन लिहिता लिहिता म्हणाली.

"नाही," ट्राउडल म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "जिना नव्हता. मी पाडलं हिला. मागून. मुद्दाम."

मारेनचं पेन थांबलं. इर्मगार्डने सुरी पुसून खाली ठेवली.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पडले तेव्हापासून. पाय मोडला होता माझा, डोळे नव्हते फुटले."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"आधी क्लबसाठी. मग तू दर शनिवारी यायला लागलीस. तीन मजले चढून कोळसा आणून द्यायचीस. मला वाटायचं, आज बोलेल. कॉफी झाली की बोलेल. मग वाटायला लागलं, बोलली तर यायची बंद होईल. मलाही तुझी सोय झाली होती ना."

ट्राउडलने तोंडावर हातरुमाल दाबला. एकोणपन्नास वर्षांचे शनिवार तिने माया म्हणून केले की दंड म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येईना.

"माफ करशील?"

"आता लगेच? तू एकोणपन्नास वर्षं घेतलीस. मला थोडा तरी वेळ दे."

मारेनने हळूच विचारलं, "हे लिहू का?"

"तिला विचार," इर्मगार्ड म्हणाली.

"लिही," ट्राउडल म्हणाली. "नाव घालून."

पुस्तक जूनमध्ये आलं. समारंभात काहीजणींनी ट्राउडलला मिठी मारली, काहीजणी तिला पाहून दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. बोललं की ओझं उतरेल, अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. गोलचा फोटो काढून टाका, असं तिने अध्यक्षीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गोल तर झालाच होता ना.

पुढच्या शनिवारी ती तीन मजले चढून गेली आणि बेल वाजवायला धजेना. शेवटी दार आतूनच उघडलं.

"अजून नाही," इर्मगार्ड म्हणाली, आणि तिला आत घेण्यासाठी काठी टेकत बाजूला सरकली.