सासूबाईंची राखीव मशीन

प्रतीक्षाच्या शिलाई मशीनच्या शटलची नोक सकाळी तुटली, तेव्हा रत्नाबाईंच्या मुलीच्या हळदीचे पिवळे ब्लाऊज कापून तयार होते आणि एकही शिवून झाला नव्हता. हळद दुसऱ्या दिवशी होती. रत्नाबाईंचा शब्द सरावली गावभर चालत असे; ही ऑर्डर हुकली असती, तर प्रतीक्षाकडे पुन्हा कोणी कापड टाकले नसते.

तिचा नवरा विक्रम तारापूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होता. मोजल्याशिवाय तो कशावरही विश्वास ठेवत नसे. तुटके शटल आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन त्याने बोईसरचे दुकान गाठले.

"सब में चलता है," दुकानदाराने नवे शटल पुढे सरकवले.

"सब में मतलब किसमें?"

"अरे भाई, सब में!"

विक्रमने मोजले. ते किंचित जाड होते. पालघरच्या दुकानातले किंचित बारीक निघाले. सर्वव्यापकतेची ग्वाही मात्र तिथेही तीच मिळाली.

मग त्याला कारखान्याची रीत आठवली. चालू पंपाचा भाग बाजारात मिळाला नाही, की तो शेजारच्या राखीव पंपातून काढून घ्यायचा. असा एक राखीव पंप त्याच्या सासुरवाडीला, माकुणसारला, विणलेल्या रुमालाखाली उभा होता: हुबेहूब तशीच मशीन, कित्येक वर्षे न चाललेली.

सासूबाईंनी, येसूबाईंनी, त्याची मागणी ऐकून घेतली आणि त्या मशीनला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"माज्या आंदणाची मशीन हाय ती, जावयबापू. तिचं आतडं काढून नेऊ देनार नाय."

"फक्त शटल, आई. तशीही ती बंदच आहे."

"बंद कुटं हाय? बसलीय. मी पन दुपारची बसते, म्हून माजे गुडघे काढून न्याल काय?"

राखीव पंप नातेवाईकांकडे नसतात, ही कारखान्याची केवढी सोय आहे, ते विक्रमला प्रथमच कळले.

"पोरीला आना ना इकडं," येसूबाई नरमल्या. "शिवायला कोन नाय म्हनतंय?"

कापडासह प्रतीक्षाला आणले, तर मशीनचा पट्टा उंदरांनी खाल्लेला. विक्रमने सरावलीला जाऊन घरच्या मशीनचा पट्टा काढून आणला. मग दोऱ्याच्या बॉबिनची डबी गंजलेली आढळली. या खेपेला त्याने दूरदृष्टीने घरच्या मशीनचे सुटण्याजोगे सगळेच सोडवून आणले.

संध्याकाळी मशीन चालली. येसूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिले. श्रेय कोणाचे, यावर विक्रमने मत दिले नाही. ब्लाऊज वेळेवर पोचले. हळद पार पडली आणि खूश झालेल्या रत्नाबाईंनी लागलीच स्वागतसमारंभाचेही कापड पाठवले.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी विक्रम स्क्रूड्रायव्हर घेऊन माकुणसारला हजर झाला. प्रतीक्षा शिवत होती. आपले भाग आणि सासूबाईंचे शटल, एवढेच काढून न्यायचा हिशेब त्याने मनाशी केला होता.

"चालत्या मशीनीला हात लावता?" येसूबाई आडव्या आल्या. "बंद तर तुमची हाय!"

विक्रमने आशेने बायकोकडे पाहिले.

"जेवायला इकडेच येत जा," शिवण न थांबवता प्रतीक्षा म्हणाली, "आणि उद्या येताना घरचा गुलाबी दोरा आणा."