टेपवरचा घड्याळजी

“आहे. इथंच आहे,” मागच्या बाकावरून सिस्टर म्हणाल्या, आणि अख्ख्या वर्गानं माना वळवल्या.

प्रश्न वर्गातल्या कोणी विचारलाच नव्हता. टेबलावरच्या जुन्या टेपरेकॉर्डरमधून एक पुरुषी आवाज खरखरत म्हणाला होता, “कोणी आहे का?”

“आई, टेप आहे ती,” टेबलापाशी उभ्या त्यांच्या सूनबाई हलकेच म्हणाल्या.

“कळतंय मला. वाजू दे पुढं.”

सूनबाई कॉलेजात इतिहास शिकवत. भ्रम पाडणाऱ्या औषधांचा इतिहास आणि संस्कृती, असा छोटा अभ्यासक्रम त्यांनी भांडून मिळवला होता. पहिल्या दिवशी बाकं पुरेनात. यात प्रात्यक्षिक नाही हे कळल्यावर अर्धा वर्ग गळाला. उरले कोण, तर एक कविता करणारा, एक खरोखर अभ्यासू मुलगी आणि पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून येणारे. वर्ग बंद पडायची पाळी आली तेव्हा त्या घरी चेष्टेनं म्हणाल्या, “आई, आता तुम्हीच येऊन बसा.” सासूबाई दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचे कपडे घालून हजर.

सुनेला वाटलं, आपल्यासाठी आल्या. पण सासूबाई असले फुकटचे उपकार करणाऱ्यांतल्या नव्हत्या. मनोरुग्णालयात रुग्णांचं बोलणं भरून ठेवलेल्या जुन्या टेपा कॉलेजात आल्यात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

त्याच रुग्णालयात नर्स म्हणून त्यांची उभी नोकरी झाली; सिस्टर हे नाव तिथलंच. त्या काळी तिथले एक बडे डॉक्टर निवडक रुग्णांना असलं औषध देत. मनाची कुलपं उघडतात म्हणे. औषध चढलं की माणूस कुठल्या कुठं भटकून येई. म्हणून वॉर्डाचा दंडक होता. उशाशी एकानं बसायचं, आणि रुग्णानं “कोणी आहे का?” विचारलं की दर वेळी “आहे” म्हणायचं. वर एक शब्द नाही. त्या आवाजाच्या धाग्यानं माणूस परत येतो, असं जुन्या नर्सेस सांगत.

घड्याळं दुरुस्त करणारा एक रुग्ण होता, वॉर्डात सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. त्याला औषध दिलं त्या दुपारी उशाशी सिस्टरच बसल्या होत्या. डॉक्टर आले. “सिस्टर, तुम्ही शेजारच्या वॉर्डात जा. मी बसतो.” संध्याकाळी त्या परतल्या, तर घड्याळजी उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलेला. त्यानंतर मरेपर्यंत तो बोलला नाही. “मी जागचा हललोसुद्धा नाही,” डॉक्टर म्हणाले. मोठ्या माणसाचा शब्द. सिस्टरांनी ऐकून घेतला, पण तो त्यांना पचला कधीच नाही. त्याला तिथं एकटं सोडलं होतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आज ते कळलं होतं. त्या प्रश्नाच्या आधी टेपवर खुर्ची सरकली होती, पावलं वाजली होती आणि दार लागलं होतं.

“अंधार आहे,” टेपवरचा घड्याळजी म्हणाला. “माझे हात सापडत नाहीत. कोणी आहे का?”

“आहे.”

“बरं,” तो म्हणाला.

कवी फिस्सकन हसला. सूनबाई हसल्या नाहीत. तयारीसाठी ऐकून ऐकून ही टेप त्यांना पाठ झाली होती. इथं “बरं” नव्हतं. इथं तो रडायला लागे, आणि मग टेप संपेपर्यंत ओरडत राही.

त्यांचा हात बटणाकडे गेला.

“हात लावू नकोस,” सिस्टर म्हणाल्या. हा आवाज सुनेनं घरात कधी ऐकला नव्हता.

“मॅडम, ही दुसरी टेप आहे का?” अभ्यासू मुलीनं विचारलं.

“दिसतंय आता थोडं,” घड्याळजी म्हणाला. “मागं कोणीतरी बसलंय. म्हातारी आहे. आपल्या सिस्टरांसारखी दिसते.” मग तो म्हणाला, “सिस्टर, तुम्ही इतक्या म्हाताऱ्या कधी झालात?”

कवीनं आपली वही मिटली. सिस्टरांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण दंडक त्यांनी मोडला नाही.

“आहे,” त्या म्हणाल्या.

मग प्रश्न आला नाही. नुसता श्वास येत राहिला. आधी अडखळत, मग संथ, लांब. टेप संपली. पोरं बाकं न वाजवता उठली आणि बाहेर गेली.

“आई,” सूनबाई म्हणाल्या, “पुन्हा एकदा लावून बघू?”

“कशाला? आत्ता कुठं झोपलाय.”

सूनबाईंनी वायर काढून गुंडाळली. एरवी त्या ते यंत्र कडीला धरून लोंबकळवत नेत. आज जिना उतरताना त्यांनी ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं होतं. खालून शिपाई मोठ्यानं काहीतरी विचारत वर आला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवून त्याला गप्प केलं.