आईच्या हातचा एक पीळ

मी रॅमची पट्टी बोलतेय. कॉम्प्युटरच्या पोटात ताठ उभी असते ना, वितीपेक्षा थोडी आखूड, खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग, तीच मी. दचकू नका. या गोष्टीत दचकायला एकजण आहेच. ती येईलच.

माझं काम लक्षात ठेवण्याचं, पण वीज असेपर्यंतच. बटण बंद झालं की माझी पाटी कोरी. मग ही आत्मवृत्त सांगायला कशी बसली, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे, की या घरात माझी गोष्ट सारखी सांगितली जाते. मी ती रोज विसरते आणि पुन्हा ऐकते. घरातली तिघं ती तीन तऱ्हांनी सांगतात. मी आपली मधलं धरून चालते.

माझा जन्म कारखान्यातला, आणि मी जुळी. एकाच डबीत शेजारी शेजारी दोन कप्पे, एकात मी, एकात माझी बहीण. आम्हाला वेगळं विकायचं नाही असा कंपनीचा दंडक होता. आम्ही कामही जोडीनंच करतो. अर्धं वाक्य तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे. सख्ख्या बहिणी एकमेकींचं बोलणं तोडून पुरं करतात, तसंच.

दुकानातून आम्हाला दादानं आणलं. दादा छापखान्यात कामाला होता. गेम खेळायचा कॉम्प्युटर विकत न घेता आपणच जोडायचा, असा त्याचा हट्ट. जेवायच्या टेबलावर सगळा पसारा मांडला गेला. हाताखाली त्याची धाकटी बहीण. ती कॉलेजात शिकते, पण कुकरच्या शिट्टीलाही दचकते, म्हणून दादा तिला दचकी म्हणतो. वाटीतले स्क्रू ती मोजत होती, आणि मोजून झाले की परत मोजत होती. आम्हा दोघींना स्लॉटमध्ये बसवताना 'टक' आवाज झाला, तेव्हा ती म्हणे खुर्चीतून उठलीच. मोडली, मोडली, असं तिनं दादाचा हात धरून सांगितलं. मोडले नव्हते. बसले होते.

आणि तिसरी आई. आई लाँड्रीत काम करते. ओल्या चादरी पिळून पिळून तिची मनगटं लोखंडाची झालीत. तिनं लावलेलं डब्याचं झाकण घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही, तिनं बंद केलेल्या नळाशी दादा अजून झटापट करतो. त्या दिवशी दादा हात धुवायला गेला तेव्हा आईनं पसाऱ्याकडे एक नजर टाकली. तेवढं लक्षात ठेवा.

कॉम्प्युटर चालू झाला आणि भावंडांनी एका खेळात मिळून गाव वसवायला घेतलं. दचकी माझ्या कॉम्प्युटरवर, दादा त्याच्या जुन्या लॅपटॉपवर. नदी झाली, घरं झाली. नदीवरच्या पुलाचं काम सुरू होतं, तेवढ्यात दादाला लांबच्या शहरात नोकरी लागली.

घरात कुणी रडलं वगैरे नाही. फक्त असं ठरलं, की दादा गेल्यावर रोज संध्याकाळी दोघांनी त्या गावात भेटायचं. दचकीनं ते फारच मनावर घेतलं. दादाशिवाय तिला संध्याकाळ कशी काढायची हेच माहीत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हा निळ्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. पूल अर्ध्यावर आला की खेळ थिजायचा, पडदा निळा व्हायचा, आणि पूल गायब. दर वेळी दचकी किंचाळायची, दर वेळी आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय सांडलं?"

दादानं पंखे झाडले. सॉफ्टवेअर पुसून नव्यानं टाकलं. शेवटी आमचीच परीक्षा घेणारा एक प्रोग्रॅम लावला. तो आमच्या हाती आकडे देतो आणि तेच परत मागतो. चुकलं की लाल ओळ. लाल ओळी पावसासारख्या आल्या.

मग दादानं बहिणीला काढून मला एकटीला तपासलं. लाल. मला काढून बहिणीला तपासलं. ती स्वच्छ. माझे दात त्यानं खोडरबरनं घासले, फुंकर मारली, परत बसवलं. परत लाल.

"हीच नासकी," दादा म्हणाला.

माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तिथे संपलेले सेल होते, आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. दुकानदारानं फोनवर सांगितलं, जोडी आणून द्या, कंपनीकडे पाठवू, येईल तेव्हा येईल. इकडे बहीण एकटी गाव ओढत होती. धापा टाकत. झाडं एकेक करून उगवायची, नदी मध्येच थांबायची. दादाला निघायला जेमतेम एक दिवस उरला होता.

दचकीला एक खोड आहे. कुलूप लावलं तरी ती जिन्यावरून परत फिरून कुलूप ओढून बघते. गॅस बंद केला तरी बघते. घरात सगळे तिला यावरून चिडवतात. त्या सकाळी तिनं खण उघडला.

"दादा, एकदा परत बघू या ना."

"किती वेळा बघायचं? गॅस आहे का तो?"

"नाही रे. हिला तू हिच्याच जागेवर तपासलंस, आणि तिला तिच्या. जागा बदलून कुठे बघितलंस?"

आईच्या मते दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यानं मला बहिणीच्या स्लॉटमध्ये बसवलं. एकही लाल ओळ नाही. बहिणीला माझ्या जागी बसवलं, तर तीसुद्धा नासकी.

म्हणजे मी निर्दोष. पण आनंद फार टिकला नाही, कारण मग दोष माझ्या जागेत होता, किंवा तिथून प्रोसेसरपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूपर्यंत, जाणाऱ्या वाटेत. ते बिघडलेलं असलं तर एका दिवसात काय होणार? निदान उघडून तरी बघू, म्हणून दादा प्रोसेसरवरचा जड पंखा काढायला गेला. स्क्रू हलेना. पेचकस घसरला. त्यानं हात झटकला, परत लावला, परत घसरला. मग त्यानं हळूच मान वर केली. दारात आई चादरीची घडी घालत उभी होती.

"आई, हे तू आवळलेस ना?"

"मग कोण आवळणार? तू नुसते टेकवून ठेवले होतेस. म्हटलं एवढा जड पंखा, उद्या पडला म्हणजे?"

दादा खाली बसून हसायला लागला. प्रोसेसरच्या खाली केसाएवढ्या बारीक पिनांची गादी असते. आईसारखा एका बाजूनं पीळ बसला आणि पंख्याचा दाब तिकडे जास्त झाला, की दुसऱ्या बाजूच्या पिना नीट टेकत नाहीत. माझे निरोप नेमके तिथून जायचे. मी बरोबर सांगायचे, पलीकडे चुकीचं पोचायचं.

स्क्रू शेवटी आईनंच सोडवले. दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. सोडवताना ती इतकंच म्हणाली, "घट्ट केलं म्हणजे टिकतं, एवढंच मला ठाऊक होतं." दचकी सांगते, की तेव्हा आई जरा लहान दिसली. पंखा पुन्हा बसवताना दचकीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "आता दोनच बोटांनी हं आई. आधी हा कोपरा, मग समोरचा. स्क्रू थांबला की सोडून दे."

मी माझ्या जागी, बहीण तिच्या. परीक्षा लागली. लाल काही आलं नाही.

दादा निघाला तेव्हाचं मात्र मी स्वतः पाहिलं होतं म्हणे. दचकीची खात्री पटत नसल्यामुळे परीक्षा सकाळपासून चालूच होती, आणि कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूनं काच आहे. आईनं प्रवासासाठी पाण्याची बाटली भरली. झाकण लावलं, सवयीनं शेवटचा पीळ दिला. मग तिचा हात थांबला. तिनं झाकण किंचित मागे फिरवलं आणि बाटली दादाच्या बॅगेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातला पूल पुरा झाला. दादाची आकृती पलीकडच्या काठावर उभी होती, आणि स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"आई, बाटली सांडली. बॅगेतले सगळे शर्ट ओले झाले."

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं.

"बघ. म्हणून मी आवळते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हीच गोष्ट निघते. बाटलीपासून सुरू होतं आणि माझ्यापर्यंत येतं. दचकी अजून दचकते, पण निळा पडदा काही परत आला नाही. तुमच्याही घरी कुणी सारखं चुकतंय असं वाटलं, तर त्याला खणात टाकण्याआधी एकदा जागा बदलून बघा. एवढंच मागणं. त्या खणात अंधार फार असतो म्हणतात.

आता थांबते. आजचा खेळ संपलाय. दचकीनं गाव साठवलं का ते एकदा बघितलं, परत एकदा बघितलं, आणि तिचं बोट बटणाकडे आलंय. आता मी हे सगळं विसरेन. चालेल. उद्या संध्याकाळी दादा विचारेल, "आई, बाटलीचं झाकण आठवतंय का?" आणि मला पहिल्यापासून सगळं कळेल.