डाव्या दरवाजातलं फिनेल

मिथुन मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. धरमतरच्या खाडीकाठी आमची घरं एकाच आळीत आहेत. अकरा वर्षांपूर्वी मिठागराच्या बांधाच्या भांडणात त्याच्या बापाने माझ्या बापाचा हात मोडला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. पुढे मी रोह्यात गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज टाकलं आणि तो पेणच्या त्र्यंबक सरांच्या गाडीवर ड्रायव्हर लागला.

सर त्याला माझ्याकडे घेऊन आले ते नेमके याच कारणाने. रिटायर्ड मुख्याध्यापक, डोकं चालतं माणसाचं.

“काळुराम, तुमचं वैर मला ठाऊक आहे,” गाडीतून उतरता उतरताच ते म्हणाले. “म्हणजे याला वाचवायला तू खोटं बोलणार नाहीस. काल इथे लग्नाला आलो होतो. गाडी हॉलबाहेर लॉक होती आणि मागच्या सीटवरून आमच्या हिची चांदीची समई गेली. काच शाबूत, दरवाजा शाबूत, किल्ली याच्या खिशात. लॉक चांगलं असेल तर तसं कागदावर लिहून दे. इथून थेट पोलीस स्टेशनला जातो.”

मिथुन माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी बटन दाबला, दिवे लागले, आवाज आला. येवढंच मना म्हाईत हाय.”

“ते मी ठरवीन,” मी म्हणालो.

जेवायची वेळ झाली होती. दिपिकाने, माझ्या बायकोने, दिलेला डबा बाकावर तसाच ठेवला आणि कामाला लागलो. रिमोट दाबला, दिवे लुकलुकले, खटकन आवाज झाला. चारही हँडल ओढून बघितली. बंद. असं सहा वेळा केलं आणि सहाही वेळा गाडी घट्ट बंद झाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ठमाबाईचा पोरगा मिथुन चोर निघाला, ही बातमी आळीत सगळ्यांच्या आधी मीच पोचवणार होतो.

सातव्या वेळी मागचा डावा दरवाजा अलगद माझ्या हातात आला. दिवे लागले होते, आवाजही झाला होता. पण तो तीन दरवाजांचा आवाज होता, आणि चौथ्याचा नाही हे कुणाच्या कानाला कळणार?

सर बदामाच्या झाडाखाली पाठमोरे फोनवर होते. मिथुन टायरवर बसून रस्त्याकडे बघत होता. दोघांनाही काही दिसलं नव्हतं. मी दरवाजा हळूच लोटला. ‘लॉक चांगलं आहे’ एवढं लिहिलं की संपलं असतं, आणि मी ते लिहिणारही होतो. पण बिघाड हाताला लागल्यावर तो न बघता सोडणं मला कधी जमलेलं नाही. मी स्क्रू काढून दरवाजाचं आतलं पॅड खोललं.

फिनेलचा भपकारा नाकात गेला. दरवाजाच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात, ती धुळीच्या गाळाने बुजली होती. आत पाणी साचून लॉकची मोटर गंजली होती आणि तिच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. अशी मोटर सहा वेळा चालते, सातव्या वेळी अडकते.

“दरवाजात फिनेल कोनी वतला?” मी विचारलं. अकरा वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं धड वाक्य.

“रोज धुतो,” मिथुन म्हणाला. “येकदा आयसाठी सुकट नेली व्हती, बांधलेल्या पिशवीत. सर म्हनाले, वास बसला. दोन वर्सं झाली, रोज सकाली बादलीभर फिनेलचं पानी.”

“ह्योच दरवाजा?”

“सर हितं बसतात ना.”

मला त्याची कीव आली नाही. मला राग आला, आणि तो त्याच्यासाठी नव्हता. सुकट माझ्याही घरात शिजते.

मी सरांना हाक मारली, मोटर दाखवली आणि रिमोट त्यांच्याच हातात दिला. “दाबा. प्रत्येक वेळी तुमचाच दरवाजा ओढा.” चौथ्या वेळी दरवाजा उघडला.

“चोराला नुसतं हँडल ओढायचं होतं, सर. आणि हे पाण्याने झालंय. तुमच्या फिनेलच्या पाण्याने.”

आता तरी हा माणूस काही बोलेल असं मला वाटलं. ते बोललेही.

“मोटरीत पाणी जातं एवढं ड्रायव्हरला कळू नये? बसव नवीन मोटर. आणि मिथुन, उद्यापासून बादली नको, ओल्या फडक्याने पूस. पण फिनेल हवंच.”

मिथुन टायरवरून उठला. खिशातली गाडीची दुसरी किल्ली काढून त्याने बोनेटवर ठेवली. “गाडी तुमी न्या, सर.” एवढं बोलून तो एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागला. सरांनी दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा चांगलीच मोठ्याने. तो वळला नाही. माझ्याकडेही त्याने बघितलं नाही, आणि मला ते नकोच होतं.

मी नवीन मोटर बसवली, भोकं साफ केली आणि वीस वेळा लॉक करून दाखवलं. सर घड्याळ बघत उभे होते. गाडी चालवायला ते कधी शिकलेच नव्हते.

“काळुराम,” शेवटी ते म्हणाले, आवाज बराच खाली आला होता, “तूच सोड मला पेणला.”

“सोडलं असतं, सर. पण माझ्या डब्यात आज सुकट हाय.”

हात धुऊन मी डबा आणला आणि त्यांच्याच बोनेटवर उघडला.